आपण होऊन सांगायचं

माझ्या बायकोला, शरयूला, ते कार्ड मी करून दिलं होतं. खेळायच्या पत्त्याएवढं, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेलं, गाडीत डोळ्यांसमोरच्या ऊन अडवणाऱ्या झडपेला क्लिपनं लावता येईल असं. त्यावर पाच ओळी होत्या. पोलिसानं थांबवलं तर गाडी उजवीकडे घे. इंजिन बंद कर. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव, त्याला दिसतील असे. गाडीतून उतरू नकोस. आणि पाचवी, जिच्याखाली मी लाल रेघ मारली होती: समोरच्या कप्प्यात, ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये, पिस्तूल असेल तर त्यानं विचारायची वाट बघू नकोस, आपण होऊन सांग.

मी फीनिक्सजवळच्या चँडलरमधल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. चेकलिस्ट केल्याशिवाय मला चहासुद्धा करता येत नाही, असं शरयू म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. प्रेशर कुकर आणला तर त्याचं वॉरंटी कार्ड मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. अपार्टमेंटचा करार बत्तीस पानांचा होता, तो वाचून मी मॅनेजरीणबाईंना त्यांच्याच करारातल्या दोन चुका दाखवल्या होत्या. ही बढाई नाही. माझ्या वाचण्याच्या सवयीचं पुढे काम पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पिस्तूल मी २००२ च्या ऑक्टोबरमध्ये घेतलं. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आमच्या शेजारच्या मेसा गावात एका सरदारजींना त्यांच्याच पेट्रोल पंपासमोर गोळ्या घालून मारलं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये दोन पोरांनी मलाही चालत्या ट्रकमधून बाटली फेकून मारली आणि आपल्या देशात चालता हो म्हणून ओरडली. मला ना दाढी ना पगडी, पण बाटली फेकणारा चौकशी करून फेकत नाही. कपाळाला तीन टाके पडले. जुलैमध्ये माझं ग्रीन कार्ड आलं होतं, म्हणजे मला बंदूक घेता येत होती. मी घेतली. दुकानदारानं पुढ्यात एक फॉर्म टाकला, तोही मी वाचला. त्याबद्दल नंतर.

मग बंदूक जवळ बाळगायच्या परमिटसाठी शनिवारचा आठ तासांचा वर्ग केला. शिकवणारे म्हातारे गृहस्थ पोलिसातून रिटायर झालेले होते. ते म्हणाले की या राज्यात पोलिसानं मागितलं तर परमिट दाखवा एवढंच कायदा म्हणतो, आपण होऊन सांगायची सक्ती नाही. पण मी पंचवीस वर्षं लोकांच्या गाडीच्या खिडकीशी उभा राहिलोय, आणि ज्यानं मला आधी सांगितलं त्याला मी नेहमी चांगलं वागवलं. हे माझ्या मनात पक्कं बसलं. आधी सांगायचं. लपवायचं काही नसेल तर लपवायचं कशाला, हा विचार मला फार आवडला, कारण तो माझ्यासारख्या माणसासाठीच केलेला वाटत होता.

संजीवला तो आवडला नाही. संजीव मूळचा मुंबईचा, माझ्याच कंपनीत, आणि इथला माझा सगळ्यात जुना मित्र. त्याच्या घरी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आमचा यावरून चांगला तासभर वाद झाला होता. त्याचं म्हणणं, यार, तो टेललाइटसाठी थांबवतोय, तू त्याला बंदुकीचं कशाला सांगतोस. तो घाबरणार. घाबरलेल्या माणसाच्या हातात पण बंदूक असते. विचारलं तर खरं सांग, नाही विचारलं तर तोंड बंद ठेव, आपला रंग बघ. मी त्याला म्हटलं की तुझी ही सवय हवालदाराला चिरीमिरी देऊन सुटायची आहे, आणि इथे ती चालत नाही. सगळे हसले. संजीव हसला नाही, बटाटेवडे आणायला आत गेला. मला वाटलं, जिंकलो.

माझं आणि शरयूचं लग्न त्याच डिसेंबरमध्ये नागपूरला झालं. ग्रीन कार्डानंतर. ज्यांना यातलं ठाऊक आहे ते इथेच चुकचुकतील. ग्रीन कार्डाच्या आधी लग्न झालं असतं तर तिलाही माझ्याबरोबर कार्ड मिळालं असतं. जेमतेम पाच महिन्यांनी हुकलं. नंतर केलेल्या बायकोला वेगळी रांग, आणि ती रांग काही वर्षांची. तोवर तिला साधा टूरिस्ट व्हिसासुद्धा कुणी देत नव्हतं, कारण ही एकदा गेली की परत येणार नाही असं त्यांना वाटे. दोन वर्षं आम्ही फोन कार्डांवर संसार केला. शेवटी तिनं स्वतःच सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला, स्वतः इंटरव्ह्यू दिले, आणि २००४ च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या एच-वन व्हिसावर नोकरी घेऊन आली. माझी बायको म्हणून नाही, फीनिक्समधल्या एका कंपनीची कर्मचारी म्हणून. विमानतळावर ती मला म्हणाली की आता तू मला फक्त तुझ्या घरात ठेवून घे, देशात मी माझी मी आलेय.

म्हणजे एका घरात दोन कागद. माझं ग्रीन कार्ड, तिचा व्हिसा. २००७ च्या जुलैमध्ये माझ्या ग्रीन कार्डाला पाच वर्षं होत होती, त्यानंतर मी सिटिझन होऊ शकत होतो. मग तिची रांगच उरणार नव्हती. तो एप्रिल मला अजून आठवतो. माझा नागरिकत्वाचा अर्ज शरयूनं भरला, जेवणाच्या टेबलावर, तिच्या गोल अक्षरात. ती प्रश्न वाचायची आणि मी उत्तर द्यायचो. कम्युनिस्ट होतास का. नाही. रोज दारू पिऊन पडतोस का. नाही. मग तिनं वाचलं, पकडला गेला नाहीस असा एखादा गुन्हा कधी केला आहेस का. तिला इतकं हसू आलं की पेन ठेवावं लागलं. याला हो म्हणणारं गाढव कोण असेल, असं ती म्हणाली. मी म्हटलं, लिही, नाही.

पिस्तूल तिला कधीच आवडलं नाही. पण ती भांडली नाही, एवढंच म्हणाली की ते घरात नको. म्हणून ते माझ्या गाडीत, ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये, कुलपात राहायचं. ते कायदेशीर होतं. मग मी कार्ड केलं आणि गॅरेजमध्ये तिची प्रॅक्टिस घेतली. मी पोलीस झालो आणि टॉर्च घेऊन खिडकीशी आलो. पहिल्या वेळी ती सवयीनं लायसन्स हातात घेऊन, दार उघडून माझ्याकडे चालत आली, आपल्याकडे ट्रॅफिक हवालदाराकडे जातात तशी. मी ओरडलो की इथे असं उतरलीस तर गोळी घालतील. तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या वेळी ती बसून राहिली, हातही वर ठेवले, पण पिस्तुलाचं सांगायला विसरली. तिसऱ्या वेळी सगळं बरोबर झालं. विसरलीस तर आठवल्याबरोबर सांग, असंही मी तिला बजावलं. अर्धवट माहिती देणं म्हणजे खोटं बोलणंच, असं काहीतरी भारदस्त वाक्य मी त्या गॅरेजमध्ये टॉर्च हातात घेऊन टाकलं होतं.

जूनचा दुसरा शनिवार. आमच्याकडे उन्हाळ्यात गाडीच्या बॅटऱ्या उन्हानं मरतात, शरयूच्या गाडीची त्या दुपारी मेली. संध्याकाळी संजीव आणि त्याची बायको जेवायला येणार होते आणि घरात दही नव्हतं. मी सकाळी रेंजवर जाऊन नेमबाजीचा सराव करून आलो होतो आणि एसीखाली झोपलो होतो. तिनं मला उठवलं नाही. माझ्या गाडीची किल्ली घेतली आणि गेली. माझ्या गाडीचा डावा ब्रेक लाइट दोन आठवडे बंद होता. ते माझ्या यादीत होतं, शनिवार, असं लिहून.

पुढचं मला शरयूनं सांगितलं, एकदाच, आणि सलग. पोलीस तरुण होता. त्यानं ब्रेक लाइटचं सांगितलं, लायसन्स आणि इन्शुरन्स मागितला. ती इतकी घाबरली होती की पाचवी ओळ विसरली. तो आपल्या गाडीत जाऊन आला. नुसतं वॉर्निंग देतोय म्हणाला, दंड नाही, दिवा बदलून घ्या. लायसन्स परत दिलं, हॅव अ गुड वन म्हणाला आणि वळला. दोन पावलं गेला. तेवढ्यात तिची नजर वर लावलेल्या कार्डावरच्या लाल रेघेवर गेली, आणि तिनं त्याला हाक मारून परत बोलावलं.

विसरले होते, सॉरी, असं म्हणून तिनं त्याला सांगितलं की गाडीत माझ्या नवऱ्याचं पिस्तूल आहे, त्याच्याकडे परमिट आहे. परमिट कुठे आहे, त्यानं विचारलं. नवऱ्याच्या पाकिटात. कुलपाची किल्ली कुठे आहे. याच जुडग्यात. मग त्यानं तिचं लायसन्स पुन्हा मागितलं आणि या वेळी नीट बघितलं. व्हिसावाल्यांच्या लायसन्सची मुदत व्हिसाबरोबर संपते. तुम्ही सिटिझन आहात का, त्यानं विचारलं. नाही, एच-वन, ती म्हणाली, आणि खरं बोलल्याचं समाधान वाटलं, हे तिनं मला मुद्दाम सांगितलं. त्याला स्वतःला नियम माहीत नव्हता. त्यानं वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठाला माहीत होता.

तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसानं या देशात बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. बंदूक नवऱ्याची असली तरी. ती आहे हे माहीत असणं आणि किल्ली हातात असणं पुरतं. तिला अटक झाल्याचा पहिला फोन साडेपाचला आला. मी झोपेतून उठून गाडी कुठे आहे ते शोधत होतो. संजीव श्रीखंडाचा डबा घेऊन दारात उभा होता, त्यानंच मला त्याच्या गाडीतून नेलं. वाटेत तो एकदाही म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. त्यानं म्हणायला हवं होतं. त्याचा तो शहाणपणा मला त्या दिवशी सहन झाला नाही, आणि आमची मैत्री खरं तर तिथेच संपली.

शरयू दोन रात्री आत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, एका पाकिटात घालून परत दिल्या होत्या. त्या तिनं पुन्हा घातल्या नाहीत. सोमवारी तिच्या कंपनीनं तिला रजेवर पाठवलं आणि गुरुवारी काढून टाकलं.

वकील म्हणून आम्हाला अनिका मिळाली. इथल्या मराठी मंडळातल्या जगन्नाथकाकांची मुलगी, इथेच जन्मलेली, मराठी समजणारी पण इंग्रजीतच बोलणारी. शाळकरी वयात गणपतीत नाचताना बघितलेली पोर आता काळ्या सूटमध्ये टेबलापलीकडे बसली होती. तिनं शरयूला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाली की या नियमाला एक अपवाद आहे, शिकारीचं लायसन्स. शरयूकडे हरणं मारायचं लायसन्स असतं तर हा गुन्हाच झाला नसता. शरयू हसली. घरात झुरळ निघालं तर ती मला हाक मारते.

मग अनिकानं बंदूक विकत घेतानाच्या फॉर्मची कोरी प्रत काढली आणि आमच्या दोघांच्या मधे ठेवली. नियम कुठे लिहिलेला असतो ते दाखवायला. एका ओळीवर तिनं बोट ठेवलं. तुम्ही तात्पुरत्या व्हिसावरचे परदेशी आहात का, हो किंवा नाही. आणि मागच्या बाजूला, अशा माणसाला बंदूक जवळ ठेवता येत नाही, असं स्वच्छ लिहिलेलं. शरयूनं ती ओळ वाचली. पान उलटून मागचंही वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही.

आता त्या फॉर्मबद्दल सांगतो. मी तो वाचला होता. नुसता वाचला नव्हता, त्या ओळीपाशी थांबून दुकानदाराला अर्थ विचारला होता. तो म्हणाला, म्हणजे व्हिसावाले लोक, त्यांनी याला हातसुद्धा लावायचा नाही. सहा वर्षं मी व्हिसावाला होतो. तीन महिन्यांपूर्वी सुटलो होतो. मी 'नाही'वर खूण केली आणि मला चक्क अभिमान वाटला, की आपण आता त्या लोकांतले नाही. २००४ मध्ये शरयू आली तेव्हा ते मला आठवलं होतं. कार्ड टाइप करताना परत आठवलं. पण तिला सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी पिस्तूल विकायला लावलं असतं, आणि मला ते विकायचं नव्हतं. ते हातात घेतलं की कपाळावरचे टाके दुखायचे थांबत, असं मी स्वतःला सांगत असे. ती थोडीच चालवणार आहे माझी गाडी, असंही सांगत असे. आणि ती कधी चालवेल म्हणून कार्ड करत होतो.

अनिकानं मला एवढंच म्हटलं की मी शरयूची वकील आहे, तुझी नाही, त्यामुळे मी आता तुला एक प्रश्न विचारणार नाही. त्याचं उत्तर तू तुझ्या वकिलाला सांग. व्हिसावाल्या माणसाच्या हाती जाणूनबुजून बंदूक देणं हाही गुन्हा आहे, हे तिनं पुढे जोडलं, आणि कागद गोळा केले.

माझी गाडी अजून पोलिसांकडे होती, म्हणून घरी येताना गाडी संजीवची होती आणि मी चालवत होतो. बराच वेळ शरयू बाहेर बघत होती.

"तू वाचलं होतंस ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं की पाच वर्षं झाली, घाईत असेन, कोण लक्षात ठेवतं असलं. कुकरचं वॉरंटी कार्ड वाचणाऱ्या माणसाबरोबर ती अडीच वर्षं राहिली होती.

जुलैच्या अखेरीला सरकारी वकिलांकडून निरोप आला. खटला भरणार नाहीत, पण तिनं आपण होऊन साठ दिवसांत देश सोडायचा. अनिका म्हणाली की हे वाईट नाही. मग थांबून म्हणाली की अजून एक रस्ता आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाला नियम माहीत होता, शरयूला नव्हता आणि तो तिच्यापासून लपवला गेला, असं कुणी शपथेवर लिहून दिलं, तर अनिका देश सोडायची अट काढून घ्यायचा प्रयत्न करील. खात्री नाही, पण सरकारी वकीलबाई समजूतदार आहेत. लिहून देणाऱ्याचं काय होईल ते ती सांगू शकत नाही. दुसरं कुणी म्हणजे कोण, हे तिघांनाही कळत होतं.

त्या आठवड्यात मी शरयूला समजावलं. वही घेऊन, दोन रकाने आखून. मी लिहून दिलं तर माझ्यावर गुन्हा, माझं ग्रीन कार्ड जाणार, नागरिकत्व विसरायचंच, आणि दोघांनाही कायमचं जावं लागणार. तू आत्ता गेलीस तर मी काही महिन्यांत सिटिझन होतो आणि तुला बायको म्हणून रीतसर बोलावतो. एक वर्ष, फार तर दीड. बघ, हिशेब सरळ आहे. हे सगळं मी तुझ्यासाठीच करतोय, असंही मी म्हणालो. नियम मला माहीत होता हे मात्र मी त्या वहीसमोर बसूनही कबूल केलं नाही. लिहून दिलं तर, असंच म्हणत राहिलो, जणू ते खोटं लिहून द्यायचं होतं.

शरयूनं दोन्ही रकाने वाचले. "तुला बरोबर वाटतं ते कर," म्हणाली.

ती यातून सुटका मागत नव्हती, मला एक संधी देत होती, हे मला तेव्हाही कळलं. मी वही मिटली. सप्टेंबरच्या सोळा तारखेला मी तिला विमानतळावर सोडलं. तिनं दोन बॅगा नेल्या, कुकर इथेच ठेवला. आत जाताना मागे वळून तिनं हात केला, आणि मी तिला आठवण करून दिली की देश सोडायच्या फॉर्मचा स्टॅम्प मारलेला भाग जपून ठेव.

माझा इंटरव्ह्यू लांबत लांबत २००८ च्या मार्चमध्ये झाला. अधिकारी बाई प्रेमळ होत्या, त्यांच्या टेबलावर नातवंडांचे फोटो होते. शरयूच्या गोल अक्षरातला माझा अर्ज त्यांच्या हातात होता आणि त्या एकेक उत्तरावर लाल पेननं टिक करत होत्या. आधी शपथ दिली होती, खरं सांगेन म्हणून. कम्युनिस्ट, दारू, सगळं झालं. मग त्यांनी तो प्रश्न वाचला. पकडले गेला नाहीत असा गुन्हा. त्या माझ्याकडे बघत थांबल्या. माझे दोन्ही हात टेबलावर होते, त्यांना दिसतील असे.

नाही, मी म्हणालो. त्यांनी टिक केली.

मे महिन्यात शपथविधी झाला. एका मोठ्या हॉलमध्ये तीनशे लोक, हातात कागदी झेंडे, मुलं, आज्या, फोटो. माझा फोटो शेजारच्या मेक्सिकन गृहस्थांनी काढला. घरी येऊन मी नागपूरला फोन लावला. तिथे सकाळ झाली होती. शरयू आता एका इंजिनीअरिंग कॉलेजात लॅब सांभाळत होती, निघायच्या गडबडीत होती. मी सांगितलं, झालो. ती म्हणाली, अभिनंदन. मी म्हटलं, तुझा फॉर्म मी भरून ठेवलाय, सही करायला पाठवतो, जानेवारीपर्यंत मुंबईला इंटरव्ह्यू येईल. मी त्या वहीतला उजवा रकाना वाचून दाखवत होतो. ती मधेच थांबवून म्हणाली,

"तुला तो प्रश्न विचारला का रे? आपण हसलो होतो तो?"

"विचारला."

"काय सांगितलंस?"

तिला उत्तर माहीत होतं, हो म्हटलं असतं तर झालो म्हणून मी फोन केलाच नसता. तरी मी सांगितलं, नाही म्हणालो. मागे तिच्या आईच्या मिक्सरचा आवाज येत होता.

"मग मी नाही येऊ शकत, श्रीरंग," ती म्हणाली. "माझ्या फॉर्मवर विचारतील, अटक झाली होती का. मी हो लिहीन. वकिलातीच्या खिडकीतला माणूस म्हणेल, का झाली, नवऱ्यानं तुला सांगितलं नव्हतं का, त्याला माहीत होतं का. मला तिथे लपवता येणार नाही. सांगून टाकेन मी. आणि तू आत्ता शपथेवर जे मिळवलंयस ते सगळं जाईल."

मी म्हटलं की असं कुणी विचारत नाही, अनिका तुला तयार करील, आपण काय बोलायचं ते नीट लिहून घेऊ. हे तोंडातून गेलं तेव्हा मला काय म्हणतोय ते कळलं. तिलाही कळलं असणार. कार्ड करून देशील का, असं ती म्हणू शकली असती, पण ती तशी नाही. बस येईल, ठेवते, एवढं म्हणाली. फॉर्म पाठवू नकोस, असंही म्हणाली, आणि जेवण वेळेवर करत जा.

तो फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे, तिच्या सहीची जागा कोरी. पिस्तूल पोलिसांनी परत केलं नाही आणि मी मागितलं नाही. ब्रेक लाइट मी गाडी परत मिळाली त्याच आठवड्यात बदलला होता. शेजारच्या देशी लोकांना वाटतं की शरयूला व्हिसा मिळत नाहीये, आणि मी तसंच वाटू देतो.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला कुणीही विचारलेली नाही. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. ती येणार नाही, म्हणजे त्या खिडकीशी कधी उभी राहणार नाही, म्हणजे मी सुटलो, असं वाटलं. खुर्चीत बसून मी मोठा श्वास सोडला. दुःख त्यानंतर आलं आणि ते गेलेलं नाही. दर रविवारी मी तिला फोन करतो, हवा, आईची तब्येत, कॉलेज असं बोलतो, आणि हे तिला अजून सांगितलेलं नाही.